तू न पाहिलेले सिनेमे

आये, तू महाडच्या टॉकीजमध्ये एकदाही पाऊल टाकलं नव्हतंस, हे मला गेल्या मंगळवारी कळलं. आज रविवार आहे आणि मी अजून धड जेवलेली नाही. तुला जाऊन बावीस वर्षं झाली. मी आता तुझ्याहून तीन वर्षांनी मोठी आहे, पुण्यात राहते, दहा वर्षं विम्याच्या ऑफिसात काढून नोकरी सोडली आणि या वयात सिनेमा शिकायला बसले आहे. वर्गातली पोरं मला ताई म्हणतात. प्रवेशाच्या मुलाखतीत विचारलं होतं, सिनेमाची गोडी कशी लागली? मी बेधडक सांगितलं, माझ्या आईला सिनेमाचं वेड होतं, ती पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीतून महिन्यातून एकदा महाडला जाऊन सिनेमा बघायची आणि परत येऊन सगळ्या बायकांना सांगायची. समोरचे तिघं खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते. त्या उत्तरावरच मला घेतलं असणार. आणि ते उत्तर चक्क खोटं निघालं गं.

भातलावणीचे दिवस मला जसेच्या तसे दिसतात. ओढ्याकडचं आपलं मोठं खाचर, बायका ओळीने वाकलेल्या, तू मधोमध, तुझ्या डाव्या हाताला काकी. मी बांधावरून रोपांच्या जुड्या पुढे करतेय. कुणीतरी म्हणतं, "सांग गो, या टायमाला कुठला बघून आलीस?" आणि तू कंबर सरळ न करता, चिखलात बोटं रोवत रोवतच सुरू करतेस. मोठं खाचर असलं की मोठा सिनेमा, कोपऱ्यातलं लहान असलं की अर्ध्या तासात उरकणारा. भाकरी खायला बसलं की मध्यंतर, आणि मध्यंतराच्या नेमक्या आधी तू गोष्ट अशी अडकवून ठेवायचीस की बायका घास गिळता गिळता "मंग? मंग?" करायच्या. दोन सख्खे भाऊ एका फणसाच्या झाडावरून वैरी झाले, तो एक सिनेमा. म्हाताऱ्या बापाने स्वतःच्या पोराला कोर्टात खेचलं आणि पोरगा उन्हात उभा बघून त्याच्या डोक्यावर स्वतःच छत्री धरली, तो दुसरा. तुझ्या प्रत्येक सिनेमात कोर्ट असायचं. मला वाटायचं, त्या काळी सगळेच सिनेमे कोर्टात जाऊन संपत असतील. शिपाई नाव तीनदा पुकारतो, आपलं नाव आलं की पदर सावरत उठायचं, व्हरांड्यातल्या बाकड्याचा एक पाय आखूड असतो म्हणून एकजण उठला की दुसरा कलंडतो, वकिलाच्या काळ्या कोटावर घाम वाळून पांढरे डाग पडलेले असतात. आणि जजसाहेब काही निकालबिकाल देत नाहीत, फक्त पुढची तारीख देतात. असं सगळं सांगून शेवटी मात्र तू सगळ्यांना रडवून, माणसं एकमेकांच्या गळ्यात घालून, वर एखादं गाणं लावून द्यायचीस. त्याशिवाय बायका खाचराबाहेर पाय काढायच्या नाहीत.

आणि घरी आल्यावर काकी. मला ती तेव्हा अजिबात आवडायची नाही, हे तुला माहीत होतं. तू महाडहून परतलीस की ती अंगणात उभी राहून खालच्या आळीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सुरू व्हायची. "नवरा तिकडं मुंबयत राबतोय नि ही बाय टॉकीजमधी बसते! लाज हाय काय? पोरीला काय शिकवशील?" तू पिशवीतून घासलेला रिकामा डबा काढायचीस, फळीवर पालथा घालायचीस आणि चुलीपुढे बसायचीस. मी एकदा विचारलं होतं, डबा कधी खाल्लास? "मध्यंतरात," म्हणालीस. वाडीत तुझं नाव झालं होतं, पिक्चरवाली. मला त्याची लाजही वाटायची आणि आतून ऐटही.

आता इकडचं ऐक. आमचे पटकथेचे सर पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न घेऊन बसलेत: चांगला सिनेमा कशाने होतो, चालणारा सिनेमा कशाने होतो, आणि ही दोन वेगवेगळी उत्तरं का येतात? पोरं परदेशी नावं फेकतात. कुणी म्हणतं कॅमेरा, कुणी म्हणतं नशीब, एकजण म्हणतो पोस्टर. मी म्हणायचे, खऱ्या बारीकसारीक गोष्टींनी सिनेमा चांगला होतो आणि लोकांना हवा तो शेवट दिला की चालतो. सर म्हणाले, मग तुमच्या शेवटच्या वर्षाच्या फिल्ममध्ये करून दाखवा. मी तुझा डब्यावाल्या बाईचा सिनेमा घेतला. आठवतोय ना? तू तो दोन-तीनदा सांगितला होतास, बायकांनी मागून मागून. बंगल्यातली बाई, घरात चार नोकर, दारात गाडी. नवऱ्याला दुसरीबरोबर संसार थाटायचाय, म्हणून तो कोर्टात सोडचिठ्ठी मागतो. ही प्रत्येक तारखेला चांदीच्या डब्यात स्वतःच्या हातचं जेवण घेऊन येते, कारण तो लांबून उपाशी येतो. तो डब्याला हात लावत नाही. प्रत्येक वेळी डबा तसाच घरी जातो. शेवटच्या तारखेला तो एक घास खातो, ढसाढसा रडतो, कोर्टाचे कागद फाडतो आणि तिला गाडीत घालून घरी नेतो.

मी बाईला बंगल्यातून काढून चाळीत आणलं, चांदीचा डबा स्टीलचा केला. कोर्ट मात्र तू सांगितलंस तसंच ठेवलं, आखूड पायाच्या बाकड्यासकट. सर म्हणाले, असं खरं कोर्ट मी पडद्यावर अजून पाहिलेलं नाही, तुम्ही बरीच पाहणी केलेली दिसते. मी फुशारले. शेवट मात्र मी बदलला. माझ्या शेवटात तो खात नाहीच. कोर्ट सुटतं, शिपाई दारं लावतो, बाई न उघडलेला डबा मांडीवर घेऊन बाकड्यावर बसून राहते. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मग कुणीतरी विचारलं, मूळ सिनेमाचा शेवट काय होता? आये, मी उभी राहिले आणि तुझी नक्कल केली. तुझा तो कातर आवाज, "नि मंग त्यानं घास घेतला गो," हाताने गाडीचं दार उघडायचा तुझा अभिनय, सगळं. वर्ग हसून हसून लोळला. मीही हसले. म्हटलं, बघा, हा चालणारा शेवट आणि माझा चांगला शेवट.

सर हसले नाहीत. म्हणाले, मूळ सिनेमा शोधा, हक्कांची भानगड नंतर नको. मी शोधायला लागले. जुन्या याद्या चाळल्या, जुनी गाणी जमवणाऱ्या म्हाताऱ्यांना फोन केले, तुझ्या बाकीच्या सिनेमांच्या गोष्टीही सांगून पाहिल्या. फणसाचा नाही, छत्रीचा नाही, डब्याचा नाही. एकही नाही. शेवटी मंगळवारी महाडला गेले. टॉकीज बंद होऊन जमाना झाला, तिथे दुकानांची रांग आहे. चौकशी करता करता टॉकीजच्या दारावर तिकिटं फाडणारे आजोबा सापडले, मुलाच्या चपलांच्या दुकानात स्टुलावर बसलेले. मी तुझं वर्णन केलं. उंच, सावळी, कपाळावर आडवा व्रण, महिन्यातून एकदा यायची, पिशवीत डबा. त्यांनी लगेच ओळखलं. "फोटोवाली बाय! काचेच्या पेटीत पिक्चरचे फोटू लावलेले असायचे ना, ते बघायची. मला नाव इचारायची पिक्चरचं, दोनदा तोंडात घोळवायची नि जायची." मी म्हटलं, आत कधी यायची? "आत? आत नाय कधी आली. मीच एकदा म्हटलं, ताई, आज गर्दी नाय, बसा फुकट. तर म्हणाली, नको दादा, कोर्टात नाव पुकारतील."

मी त्यांना म्हटलं, तुम्ही दुसऱ्या कुणाबद्दल बोलताय. ते म्हणाले, कपाळावर तसा वण किती जणींना असतो? मी दुकानातून बाहेर आले आणि रस्त्यातच उभी राहिले. एक रिक्षावाला दोनदा ओरडला तरी हलले नाही. मग डेपोत जाऊन पोलादपूरची गाडी पकडली, तिथून मिळेल त्या गाडीने उमरठच्या बाजूला, आणि वाडीचा चढ मी कशी चढले ते मला सांगता येणार नाही. काकी ओटीवर वाल सोलत बसली होती. पंचाहत्तरीची झाली आहे, कान शाबूत आहेत. मी पाणीही न पिता विचारलं, "आये महाडला कोर्टात कशाला जायची?"

काकीने वालाचं टोपलं बाजूला ठेवलं. मांडीवरची सालं झटकली. मग म्हणाली, "कुणी सांगितलं तुला? ठावं तर कुणालाच नाय. तुज्या काकाला पण नव्हतं."

बाबांनी सोडचिठ्ठी मागितली होती. मुंबईत त्यांचं दुसरं घर होतं, तू असतानाच. कोर्टाचा माणूस कागद घेऊन वाडीवर आला तेव्हा घरात तुम्ही दोघीच होतात. काकी म्हणाली, "नवऱ्यानं टाकलेली म्हंजे काय असतं, तुला नाय कळायचं. हळदीला बोलावीत नाय, ओटी भरायला बोलावीत नाय. ती म्हणाली, वहिनी, मी नाय म्हणून सांगायला जाणार दर तारखेला, पन वाडीला काय सांगू? मंग आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. पिक्चर." मी म्हटलं, आणि तू तिला अंगणात उभी राहून शिव्या घालायचीस ते? काकी माझ्यावरच चिडली. "मंग? बोंबलले नसते तर लोकांनी इचारलं असतं, ही जाते कुठं! मी बोंबलले म्हणून सगळ्यांना खरं वाटलं. तीच सांगायची मला, वहिनी, आज जरा जास्त बोला."

आये, ज्या बाईचा मी इतकी वर्षं राग केला ती तुझ्या सांगण्यावरून ओरडत होती. आम्हाला इथे दोन वर्षं नटांकडून काम कसं काढून घ्यायचं ते शिकवतायत आणि अजून जमत नाही. तू एका नटीच्या जिवावर एवढी वर्षं अख्ख्या वाडीला झुलवत ठेवलंस. ते भाऊ, तो छत्री धरणारा बाप, सगळे त्या व्हरांड्यात तुझ्या शेजारी बसलेले लोक होते. तू नाव टॉकीजवरून घ्यायचीस, गोष्ट कोर्टातून आणायचीस आणि शेवट घरी येताना एसटीत तयार करायचीस.

मग मी डब्याचं विचारलं. इथपर्यंत मी हादरले होते, पण उभी होते. मी मनात धरलं होतं की डबा भरलेला परत यायचा, तू तो वाटेत कुणाला तरी देऊन, घासून घरी आणायचीस. म्हणजे माझाच शेवट खरा निघाला, असं एक क्षण वाटलं, आणि लाज वाटते सांगायला, त्या क्षणी मला बरंही वाटलं. काकी म्हणाली, "कोण नाय खाल्लं? तुजा बा? खायाचा की! पहाटेच्या गाडीनं यायचा, तोंडात काय नसायचं. कोर्टाच्या मागं झाडाखाली बसून जेवायचा. वालाची उसळ नि तांदळाची भाकरी. पुसून खायाचा. पाणी पन तीच द्यायची. नि हात धुऊन आत जाऊन सांगायचा, साहेब, हिच्यासंगं मला नांदायचं नाय."

प्रत्येक तारखेला? मी विचारलं. "तू जाईपर्यंत," काकी म्हणाली, मग चूक लक्षात येऊन म्हणाली, "ती जाईपर्यंत."

हे मला सुचलंच नसतं. हजार सिनेमे बघून सुचलं नसतं. माझ्या डोक्यात दोनच शेवट होते, खाल्लं आणि परत आला, किंवा खाल्लं नाही आणि गेला. माणूस पोटभर जेवेल, बोटं चाटेल, कदाचित "मीठ बरोबर पडलंय" असंही म्हणेल, आणि मग आत जाऊन ते वाक्य बोलेल, हे मी लिहिलं असतं तर सर म्हणाले असते, पटत नाही. आणि तुलाही ते बायकांना सांगता आलं नाही. तू बंगला आणलास, गाडी आणलीस, चांदीचा डबा आणलास, पण शेवटच्या तारखेपर्यंत त्याला डब्याला हात लावू दिला नाहीस. एवढंच तुला खाचरात उभं राहून बदलता आलं, आणि मी त्यावर वर्गाला हसवलं. तुझ्या तोंडचं ते "घास घेतला गो" ऐकताना बायका रडायच्या. आता वाटतं, त्यातल्या एखादीला तरी माहीत असेल का? काकी म्हणते, नाही. मला खात्री नाही.

सगळ्यात जास्त मला गणपती छळतायत. बाबा दरवर्षी पाच दिवस यायचे. मला फ्रॉक, तुला साडी, काकीला मुंबईची बिस्किटं. ते पाटावर पूजेला बसलेत, तू त्यांच्या उजव्या हाताला तुझा हात लावून बसली आहेस, मी मागून निरांजनाकडे बघतेय, आणि मला वाटतंय की आमच्या घरासारखं घर नाही. त्याच महिन्यात तारीख असायची. तुम्ही दोघं कोर्टात एकमेकांच्या समोर उभे राहून आला होतात, आणि तरी तुझा हात त्यांच्या हाताला लागलेला आहे आणि बाबा मंत्र चुकले की तू खुसुखुसू हसतेयस. ते हसू तरी खरं होतं का? मला हे कुणाला विचारायचं कळत नाही. तू तापाने गेलीस तेव्हा मी बारा वर्षांची होते. तुला हिरवी साडी नेसवली, मळवट भरला, बायका म्हणाल्या, भाग्याची, सवाष्ण गेली. काकी त्या दिवशी म्हणाली की तुझ्या मयताचा दाखला वकिलाकडे तीच घेऊन गेली आणि केस मिटली. तू शेवटपर्यंत सही केली नाहीस. बाबांनी वर्षाने लग्न केलं, म्हणजे मला आणि वाडीला तसं सांगितलं, आणि मला मुंबईला नेलं. त्या बाईंना मी मावशी म्हणते; मावशीने मला कधी उपाशी ठेवलं नाही, माझे केस विंचरले, अभ्यास घेतला. आता तिच्याकडे कुठल्या तोंडाने बघू, तेही तूच सांग.

निघताना काकीने माझा हात धरला. "सिनेमात घालशील तर इचार करून घाल. तिनं येवढी वरसं झाकलेलं हाय. वाडी बघंल, तुजा बा बघंल." बाबा तर बघणारच. त्यांनी सोसायटीत सगळ्यांना सांगून ठेवलंय, मुलीच्या फिल्मला पहिल्या रांगेत बसणार. आणि उद्या मला सरांना शेवटची पानं द्यायची आहेत, दहा दिवसांनी शूटिंग आहे. तुझा शेवट दिला तर सगळे सुखी, आणि मी खोटी. माझा दिला तर टाळ्या. तिसरा, खरा दिला, तर तुझं झाकण मीच उघडलं, आणि एका म्हाताऱ्या माणसाला सगळ्या लोकांत बसवून त्याचं जेवण दाखवलं. चांगलं काय आणि चालणारं काय, हे मी दोन वर्षं घोकलं. ज्याची गोष्ट आहे त्याला विचारायचं का, हे कुणी शिकवलंच नाही, आणि जिला विचारायचं ती तू.

म्हणून आज सकाळी बाबांना फोन केला. भांडायचं ठरवलं होतं. त्यांचा आवाज ऐकला, "जेवलीस का बाळा?" म्हणाले, आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं. म्हटलं, बाबा, आईच्या हातची वालाची उसळ आठवते? पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.  मग हळू आवाजात म्हणाले, "तशी पुन्हा कुणाला जमली नाही गं. मावशीला सांगू नकोस हां."

हे पत्र कुठे टाकणार? वाडीवर काकी वाचायला कुणाला तरी बोलावेल आणि बोभाटा होईल. ते माझ्याच वहीत राहील, पटकथेच्या पानांमागे. पण तुझ्यापासून काही लपवत नाही म्हणून सांगते. बाबांचा फोन ठेवल्यावर मी आधी पेन शोधलं आणि त्यांचं वाक्य जसंच्या तसं, "हां" सकट, शेवटच्या प्रसंगात उतरवून घेतलं. रडले ते त्यानंतर.